मेससाठी पेलेट शेगडी घ्यावी का? आधी सिलिंडरची वही काढा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. कराडला कॉलेजजवळ मेस, रोजची दीडशे-पावणेदोनशे पोरं, सकाळचा नाश्ता आणि दोन वेळचं जेवण, महिन्याला १९ किलोचे २२ सिलिंडर लागतात. एक माणूस येऊन दोन तोंडांची पेलेट शेगडी, म्हणजे भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्यांवर चालणारी, ८५ हजारांना सांगून गेलाय, वर चिमणी आणि हूडचे १५ हजार वेगळे, म्हणजे लाखाचा मामला. तो म्हणतो गॅसचा खर्च निम्मा होईल आणि चार महिन्यांत पैसे वसूल. तुम्ही विचारताय घ्यावी का.

मी गेली चौदा वर्षं पुणे-सातारा-सांगली पट्ट्यात ह्याच शेगड्या बसवतोय आणि दुरुस्त करतोय, त्यातली पहिली चार वर्षं तर स्वतः विकायचो पण, त्यामुळे विकणारा काय बोलतो आणि काय बोलत नाही हे दोन्ही मला माहितीय. एका वाक्यात उत्तर द्यायचं तर तुमच्या मेसला ही शेगडी परवडू शकते, पण चार महिन्यांत नाही, दीड वर्ष धरा, आणि तेही पेलेटचा भाव आणि पुरवठा पक्का असेल तर. आता हे कसं ते सांगतो, कारण लाख रुपये मेसवाल्याला छोटी रक्कम नाही.

पहिली गोष्ट म्हणजे शेगडीची किंमत बाजूला ठेवा. सगळे तिथूनच सुरुवात करतात, ८५ जास्त आहेत का, ७० ला देतो का, अमका ६० ला देतोय. त्यानं फार फरक पडत नाही. फरक पडतो तो दोन गोष्टींनी, रोज शेगडी सलग किती तास पेटती राहणार, आणि पेलेट तुम्हाला वर्षभर कोणत्या भावात आणि कसला मिळणार. ह्या दोन्हीची उत्तरं विकणाऱ्याकडे नसतात, तुमच्याकडे असतात.

हिशोब करू. एक किलो गॅसमध्ये साधारण ११,००० किलोकॅलरी उष्णता असते आणि चांगल्या भुश्याच्या पेलेटमध्ये ४,००० च्या आसपास. विकणारा इथं सांगतो की तीन किलो पेलेट म्हणजे एक किलो गॅस. हे चूक आहे, कारण सगळी उष्णता भांड्यात जात नाही. मोठ्या टोपाखाली गॅसची भट्टी ५५ टक्के तरी भांड्यात घालते, पेलेट शेगडी चांगली असली तरी ३५ टक्के धरा. पंख्याच्या बायोमास चुलीसाठी आपलं भारतीय मानक आहे, आयएस १३१५२, त्यात सुद्धा किमान कार्यक्षमता ३५ टक्केच मागितलीय, त्यामुळे कुणी ६० टक्के सांगायला लागला तर त्याला टेस्टचा कागद मागा. तर ११,००० चे ५५ टक्के म्हणजे ६,०५०, आणि ४,००० चे ३५ टक्के म्हणजे १,४००. भागा. एका किलो गॅसला सव्वाचार किलोच्या थोडं वर पेलेट लागतात. पेटवताना आणि विझताना जे वाया जातं ते धरून मी नेहमी साडेचार धरतो, आणि माझ्या गिऱ्हाइकांच्या वहीतही आकडा साडेचार ते पाचच्या मध्येच येतो.

म्हणजे १९ किलोच्या एका सिलिंडरच्या जागी साधारण ८५ किलो पेलेट. पेलेट जागेवर पोच, टेम्पोभाड्यासकट १३ रुपये किलो धरले तर १,११० रुपये. सिलिंडर १,७५० ला धरला तर एका सिलिंडरमागे ६४० रुपये वाचतात. हे माझे धरलेले आकडे, कमर्शिअल सिलिंडरचा भाव दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो, तुमची शेवटची पावती काढा आणि तिथं तुमचा आकडा घाला.

आता इथं लोक घाई करतात. २२ सिलिंडर गुणिले ६४०, म्हणजे महिन्याला १४ हजार वाचले! तसं नाही होत. सगळा स्वयंपाक पेलेटवर जात नाही. भात, आमटी, उसळी, बटाटे उकडणं, आंघोळीचं किंवा भांड्यांचं गरम पाणी, हे सगळं मस्त जातं. पण पोळ्यांचा तवा गॅसवरच ठेवा, कारण तव्याला आच क्षणाक्षणाला कमीजास्त लागते. फोडण्या, चहा, दूध, कुणा आजारी पोराचं वेगळं काही, हे पण गॅसवर. सकाळचे पोहे-उपमे कढईत एका घाण्याला वीस मिनिटांत होतात, त्यासाठी शेगडी पेटवत बसणं परवडत नाही. तुमच्यासारख्या मेसमध्ये माझ्या अनुभवानं निम्म्याच्या थोडं वर गॅस पेलेटवर हलतो. २२ मधले १२ धरा.

१२ गुणिले ६४० म्हणजे ७,६८० रुपये महिना. ह्यातून शेगडीचा स्वतःचा खर्च वजा करायचा, जो कोटेशनमध्ये कधीच नसतो. पंखा आणि स्क्रूची (पेलेट आत ढकलणारा तो स्क्रू) मोटर मिळून रोज सात तास धरली तर वीस-बावीस युनिट, व्यापारी दरानं अडीचशेच्या आसपास. आतली जाळी, म्हणजे ज्या लोखंडी भांड्यात पेलेट जळतात ते, ते वर्षाला एकदा तरी बदलावं लागतं, कुणी काहीही सांगो, तिथं सतत आग असते, चार-पाच हजार रुपये जातात, महिन्याला चारशे धरा. सर्व्हिस, बेल्ट-बेअरिंग, कापूर-बिपूर मिळून सहाशे. आणि जो पोरगा राख काढणार, पोती उचलणार, काळे झालेले टोप घासणार त्याला महिन्याला पाचशे रुपये जास्त द्या, खरंच द्या, त्याचं काम वाढतंय. सगळं मिळून सतराशे-अठराशे. उरले ५,९००.

एक लाख भागिले ५,९००, म्हणजे १७ महिने. आणि तुमची मेस मे महिन्यात आणि दिवाळीत बंद असते, त्यामुळे कॅलेंडरनं बघितलं तर वीस महिन्यांवर जातं.

हे वाईट नाही. शेगडीची बॉडी नीट वापरली तर चार-पाच वर्षं जाते, म्हणजे पुढची अडीच-तीन वर्षं कमाई आहे. पण हाच हिशोब पेलेट १६ रुपये धरून करून बघा. सिलिंडरमागे बचत ३८० वर येते, खर्च वजा जाता महिन्याला २,८०० उरतात आणि लाख फिटायला तीन वर्षं. आणि पेलेट १६ असताना सिलिंडर उतरून १,५५० झाला तर महिन्याला चारशे रुपये, म्हणजे काहीच नाही, उगाच राख काढत बसायचं. तीन रुपयांचा खेळ आहे हा सगळा. म्हणून मी म्हणतो शेगडीच्या किमतीवर घासाघीस करण्यात जेवढा वेळ घालवाल त्याच्या दुप्पट पेलेटवाला शोधण्यात घाला.

ही भीती मी उगाच घालत नाही, आपल्याकडे हे एकदा होऊन गेलंय. २००६ च्या सुमारास ऊर्जा नावाची पेलेटवरची घरगुती शेगडी आली होती, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत तिच्या तंत्रावर काम झालेलं, महाराष्ट्र-कर्नाटकात लाखांनी खपली. शेगडी चांगली होती, मी आजही म्हणतो, धूर नाही, ज्योत स्वच्छ. सातारा भागात कितीतरी घरांत मी ती बघितलीय. पण बगॅस (उसाचं चिपाड), शेंगाची टरफलं असला कच्चा माल महाग होत गेला कारण त्याला दुसरीकडे गिऱ्हाईक मिळालं, पेलेट महागले, आणि शेगड्या माळ्यावर गेल्या. आज सुद्धा तीच ओढाताण आहे. साखर कारखान्यांचा बगॅस त्यांच्या स्वतःच्या वीजनिर्मितीत जातो, आणि कोळशावरच्या वीजकेंद्रांनी कोळशात बायोमास पेलेट मिसळायचं सरकारी धोरण आहे, २०२४-२५ पासून ५ टक्के. एवढं मोठं गिऱ्हाईक त्याच बाजारात उभं असताना तुमच्या महिन्याच्या एक टनाला कुणी फार भाव देणार नाही, हे लक्षात ठेवून पुरवठादार निवडा. शक्यतो ५०-६० किलोमीटरच्या आतला, स्वतःचं मशीन असलेला, आणि एक नाही दोन. नुसत्या व्यापाऱ्यावर अवलंबून राहिलात तर सप्टेंबरात तो फोन उचलत नाही.

पेलेट कसला घ्यायचा हे जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या दहातल्या सात शेगड्यांमध्ये शेगडीचा दोष नसतोच, पेलेटचा असतो.

तुम्हाला हवा तो निव्वळ लाकडाच्या भुश्याचा, ६ किंवा ८ एमएमचा. सॉ मिलमधला भुसा दाबून करतात, त्यात डिंक-बिंक काही घालावं लागत नाही, लाकडातलं लिग्निनच गरम होऊन त्याला बांधून ठेवतं. चांगला पेलेट बाहेरून गुळगुळीत आणि चकचकीत असतो, मोडला तर खटकन मोडतो, आणि पाण्याच्या ग्लासात टाकला तर आधी तळाला जातो आणि मग फुगून त्याचा भुसा होतो. वर तरंगला तर नीट दाबलेला नाही. पोत्याच्या तळाशी मूठभरापेक्षा जास्त चुरा असेल तरी नको, चुरा स्क्रूमध्ये अडकतो.

सोयाबीनच्या भुसकटाचा पेलेट दोन रुपयांनी स्वस्त मिळतो आणि तिथंच लोक फसतात. त्यात उष्णता कमी आणि राख कितीतरी जास्त. आणि त्यातल्या क्षारांमुळे राख वितळून खडे बनतात, वीटभट्टीत खंगर होतो ना अगदी तसा खंगर जाळीत बसतो, खालून हवा बंद, मग धूर. भाताच्या तुसाचा तर घेऊच नका, पंधरा-वीस टक्के राखच असते त्यात. आणि एक, भुसा प्लायवूड किंवा एमडीएफचा नाही ना हे तोंडावर विचारा, त्यात रेझिनचा गोंद असतो, जळताना डोळे चुरचुरतात, अन्न शिजवायच्या जागी तो धूर नको. फर्निचर कारखान्यातून भुसा उचलणाऱ्याकडे हा माल असतोच.

तपासायची पद्धत सोपी आहे. दहा किलो पेलेट जाळा, राख गार झाल्यावर वजन करा. दोनशे-तीनशे ग्रॅम आली तर माल छान. अर्ध्या किलोच्या वर गेली तर त्यात माती आहे किंवा भुसकट मिसळलंय, परत पाठवा. हे एकदा नाही, प्रत्येक गाडीला करायचं. पहिली गाडी सगळेच चांगली देतात.

पावसाळा. ताई, ह्यावर तुम्ही काहीच लिहिलं नाहीत म्हणून मला काळजी वाटली. महिन्याला एक टन म्हणजे २५ किलोची ४० पोती. पावसात भुसा ओला येतो, मशीनवाल्याला वाळवायला खर्च येतो किंवा तो बंदच ठेवतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टला भाव चढतो आणि मालही दमट येतो. शहाणा माणूस एप्रिल-मे मध्ये दोन महिन्यांचा माल भरून ठेवतो, म्हणजे ८० पोती, दोन टन. त्याला कोरडी खोली आहे का तुमच्याकडे? फरशीवर थेट पोती ठेवायची नाहीत, खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून वीतभर लांब, वरून जाड प्लास्टिक. एका बाईंनी चिपळूणला पत्र्याच्या शेडमध्ये साठ पोती ठेवलेली, जून संपेपर्यंत त्यातल्या अर्ध्यांचा भुगा झाला होता, तो भुगा तसाच हॉपरमध्ये, म्हणजे शेगडीच्या पेलेट भरायच्या डब्यात, घातला आणि स्क्रू जाम होऊन मोटर जळाली. मला फोन आला तेव्हा मोटरपेक्षा त्या पोत्यांचंच जास्त वाईट वाटलं, वीस हजारांचा माल होता. जागा भाड्यानं घ्यावी लागणार असेल तर ते भाडं वरच्या १,८०० मध्ये मिळवा आणि परत हिशोब करा.

आता शेगडी कशी चालते ते दोन ओळीत, म्हणजे आचाऱ्याला समजावता येईल. खालून थोडी हवा जाते तिनं पेलेट तापून त्यातून गॅस सुटतो, वरच्या भोकांतून दुसरी हवा येते तिथं तो गॅस जळतो. म्हणजे आपण जाळतो तो खरा धूरच आहे. त्यामुळे धूर दिसला की समजायचं इंधन बाहेर चाललंय, पेलेट जास्त पडतायत आणि हवा कमी पडतेय, किंवा जाळी चोंदलीय. पेटवताना पहिली तीन-चार मिनिटं धूर होणारच. कापूर आणि नारळाच्या शेंड्या घालून पेटवा, डिझेलचं फडकं घालायची सवय लागू देऊ नका, वास अन्नाला लागतो आणि भडका पण उडतो.

आणि बंद केली की लगेच बंद होत नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं. बटण दाबल्यावर आत निखारे असतात, दहा-पंधरा मिनिटं आच राहते. जुन्या आचाऱ्यांना हे आवडत नाही, त्यांचा हात गॅसच्या कॉकवर बसलेला असतो. सांगलीकडच्या एका हायवेवरच्या धाब्यावर मी मोठ्या हौसेनं शेगडी बसवली होती, मालक खूश, पण आचाऱ्याला कुणी विचारलंच नव्हतं. ऑर्डर येईल तशी भाजी करायची, मध्ये अर्धा तास रिकामा, परत एकदम दहा ऑर्डर. तीन महिन्यांनी गेलो तर शेगडीवर कांद्याची पोती रचलेली. चूक माझी पण होती, मी तेव्हा विकायच्या नादात होतो, धाब्याचं काम थांबून-थांबून चालतं हे मला दिसत होतं तरी मी बोललो नाही. त्यानंतर मी विकणं सोडलं आणि नुसतं बसवणं-दुरुस्ती ठेवली.

उलट साताऱ्यात एक फरसाणवाले आहेत, त्यांची कढई सकाळी आठला चढते ते संध्याकाळी पाचलाच उतरते. रोजचा जवळजवळ एक सिलिंडर पूर्ण पेलेटवर गेला, त्यांचे पैसे सात महिन्यांत फिटले आणि आता दुसरी शेगडी घेतलीय. शेगडी जवळपास तशीच, पेलेटवालाही तोच, फरक फक्त सलग आचेचा. तुमची मेस ह्या दोघांच्या मध्ये आहे. म्हणून तुमच्या स्वयंपाकाचा क्रम बदलता येईल का बघा. सकाळी साडेआठला पेटवली की आधी पाणी, मग डाळ-उसळ, मग भात, शेवटी निखाऱ्यावर संध्याकाळचे बटाटे किंवा भांड्यांचं पाणी, असं लागोपाठ लावलंत तर बारा नाही तेरा-चौदा सिलिंडर पण हलतील. मध्ये दोनदा विझवून पेटवावी लागली तर दहावर याल. ह्यासाठी तुमच्या आचारी मावशींना आत्ताच सोबत बसवा, त्यांना शेगडी दाखवायला घेऊन जा, त्या नको म्हणाल्या तर का नको ते नीट ऐका, कारण त्यांना पटली नाही तर शेगडी चालत नाही हे मी वीस ठिकाणी बघितलंय.

लाइटचं बघा. लाइट गेली की पंखा बंद, आणि पंखा बंद म्हणजे आत पेटलेले पेलेट नुसते धुमसतात, पाच मिनिटांत सगळं स्वयंपाकघर धुरानं भरतं. छोटा इन्व्हर्टर आणि बॅटरी लागतेच, घरात आधीचा असेल तर त्यावर एक लाइन ओढून घ्या, शंभर-सव्वाशे वॅटचंच काम आहे. नसेल तर तो खर्च लाखात मिळवा.

आता जरा गंभीर. चिमणी आणि हूडच्या १५ हजारांत काटकसर करू नका. शेगडी ज्योतीनं जळताना ठीक असते, पण विझताना निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड येतो, त्याला ना वास ना रंग. शटर ओढून, खिडक्या लावून, थंडीत ऊब म्हणून शेगडीजवळ पोरं झोपतात, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय आणि ओरडून उठवलंय. रात्री काम संपलं की निखारे झाकणाच्या लोखंडी बादलीत काढून बाहेर उघड्यावर. प्लास्टिकच्या घमेल्यात नाही, पोत्यांजवळ नाही, राख वरून गार दिसली तरी आत सकाळपर्यंत विस्तव असतो. मेसमध्ये मदतीला असणाऱ्या पोरांना हे स्वतः सांगा. आणि गॅसची बँक, म्हणजे एकत्र जोडलेले सिलिंडर, शेगडीच्या खोलीत नको, सिलिंडर बाहेर जाळीत, आत फक्त पाइप. तुमची बँक सध्या आत असेल तर ती बाहेर नेल्याशिवाय शेगडी आणूच नका, हे मी अटीसारखं सांगतोय.

वर कुणी राहतं का हेही बघा. चिमणी छपराच्या वर गेली पाहिजे, शेजाऱ्याच्या खिडकीच्या पातळीला नाही. तुम्ही कराडला आहात, पण हे वाचणारे कुणी मुंबईत असतील त्यांच्यासाठी म्हणून सांगतो, जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं तिथल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्या आणि तंदूरवाल्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा हरित इंधनावर जायला सांगितलं होतं, तेव्हा तिथं पेलेटचं काही करायच्या आधी वॉर्ड ऑफिसकडून लेखी घ्या, विकणारा तोंडी चालतंय म्हणाला त्यावर जाऊ नका. पाइप गॅस दारात आलेला असेल तर आधी त्याच्या दरानं हिशोब करा, बऱ्याच वेळा मग शेगडीचा विषयच संपतो.

विकणाऱ्याला काय विचारायचं ते पण सांगतो. जाळी, ब्लोअर आणि स्क्रूची मोटर हे तीन पार्ट कुठे मिळतात आणि किती दिवसांत? राजकोटहून येतात म्हणाला तर एक-एक सेट आत्ताच घेऊन ठेवा. जाळी कशाची आहे, साध्या पत्र्याची असेल तर चार महिन्यांत वाकते, जाड कास्ट आयर्न किंवा चांगलं स्टेनलेस मागा. आतलं अस्तर सिरॅमिकचं आहे का? ह्याच जिल्ह्यात दोन वर्षांहून जास्त चाललेली एक शेगडी दाखव म्हणा, नवीन नाही, जुनी. तिथं मालकाशी बोलू नका, जो पोरगा रोज राख काढतो त्याच्याशी बोला.

आणि पैसे द्यायच्या आधी आठ दिवस डेमो मागा. चांगला माणूस देतो. डेमोत पहिल्या दिवशी एक प्रयोग करा. मोठ्या टोपात मोजून २० लिटर पाणी, झाकण लावून, शेगडी आधी नीट पेटलेली, आणि पाणी उकळेपर्यंत किती पेलेट गेले ते वजनकाट्यावर मोजा. एक ते सव्वा किलोत उकळलं तर शेगडी सांगितल्यासारखी आहे. दीड किलोच्या वर गेलं तर वरचा सगळा हिशोब बिघडतो, घेऊ नका. तेवढंच पाणी गॅसवर पण उकळून बघा, सिलिंडर काट्यावर ठेवून, सव्वादोनशे-अडीचशे ग्रॅम जायला हवेत. गॅसचे साडेतीनशे गेले तर तुमच्या बर्नरची भोकं चोंदलीत, आणि मग शेगडीच्या आधी दोन-तीन हजारात बर्नर बदलून घ्या, त्यातच महिन्याला दोन-तीन सिलिंडर वाचतील. हे होतं बरं का, सांगलीच्या एका हॉस्टेलला मी शेगडी बसवायला गेलो आणि बर्नर बदलून परत आलो.

पाण्याचा गॅस जास्त जात असेल तर छपरावर सोलरचं पण बघा, भाताचं आधण जरी ६० डिग्रीचं मिळालं तरी खूप काम हलकं होतं. पण तो वेगळा विषय.

तुमच्या जागी मी असतो तर जूनमध्ये घेतली नसती. आत्ता कॉलेज सुरू होतंय, पोरांची गडबड, त्यात पावसाचा दमट पेलेट आणि नवीन शेगडी, पहिलीच ओळख वाईट होईल आणि मावशी कायमच्या तिच्यावर नाराज होतील. आत्ता फक्त वही घाला, रोज कोणत्या पदार्थाला कुठला बर्नर किती वेळ चालतो ते महिनाभर लिहा, बाकी काही नको. दोन पेलेटवाले शोधून एकेक पोतं आणून राख मोजून ठेवा, आणि ऑक्टोबर ते मार्चचा भाव कागदावर मागा. दसऱ्यानंतर डेमो घ्या. भाव १३ च्या आत आणि पाण्याच्या प्रयोगात सव्वा किलोच्या आत असेल तर बिनधास्त घ्या, दोन तोंडांची, तासाला आठ किलो पेलेट जाळणारी तुमच्या कामाला बरोबर आहे, संध्याकाळी एकच तोंड चालवता येतं, मोठी घेऊन अर्ध्या आचेवर ठेवली की धूर आणि खंगर दोन्ही होतात. आणि घेतलीत तरी गॅसचं एकही कनेक्शन सरेंडर करू नका, निदान पहिलं वर्षभर तरी सगळे नंबर चालू ठेवा.